आधी कळस, मग काय?

कृष्ण याज्ञवल्कींच्या 'कथाकल्पतरू'त वेरूळच्या कैलासाची जन्मकथा आली आहे. राजा दुखण्याने अंथरुणाला खिळतो, राणी माणिकावती घृष्णेश्वराला नवस बोलते आणि राजा बरा होतो. नवस असा की, देवाचे देऊळ बांधीन आणि त्याचे शिखर डोळ्यांनी पाहीपर्यंत अन्नाला शिवणार नाही. नामांकित शिल्पी हात टेकतात. मग पैठणचा कोकस नावाचा स्थपती पुढे येतो, आठवड्याच्या आत शिखर दाखवतो असे म्हणतो आणि डोंगराच्या माथ्यावरून खोदायला लागतो. 'आधी कळस मग पाया' ही आपल्याकडे टिंगलीची म्हण. कोकसाने ती शब्दशः खरी केली. कथेत इतिहास किती हा प्रश्न निराळा. कैलासाचे श्रेय राष्ट्रकूट कृष्ण पहिला याला दिले जाते, त्याची कारकीर्द इ.स. ७५६ ते ७७३ च्या सुमाराची, आणि ८१२-१३ च्या बडोदे ताम्रपटात हे देऊळ पाहून खुद्द ते घडवणारालाच अचंबा वाटल्याचे वर्णन आहे. परंतु मराठी कवीने सात-आठ शतकांनंतर कथा सांगितली ती राजाची नव्हे, ताम्रपटाचीही नव्हे. शिखर पाहण्याच्या घाईची सांगितली. ही निवड आम्हाला फार सूचक वाटते. कारण ती घाई आजही जिवंत आहे. राणी उरली आहे, तिचा नवस उरला आहे. कोकस मात्र उरलेला नाही. त्याच्या जागी ठेकेदार आला आहे.

मराठवाड्यातल्या कोणत्याही रस्त्याने जा, 'प्राचीन हेमाडपंती मंदिराचा भव्य जीर्णोद्धार' असा फ्लेक्स दिसल्यावाचून वीस-पंचवीस किलोमीटर कापले जात नाहीत. या जीर्णोद्धाराची कार्यपद्धती आता इतकी ठरून गेली आहे की तिचे वेगळे शास्त्र लिहिता यावे. प्रथम आतल्या खांबांना ऑइलपेंट. मग जमिनीला चकचकीत फरशी, तीही मूळ फरसबंदीवरच, म्हणजे खांबांची कोरलेली बैठक चार बोटे जमिनीत गडप. मग बाहेरच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा. आणि शेवटी, ज्यासाठी हा सारा अट्टाहास, ते शिखर. जुने शिखर अर्धे ढासळलेले असेल तर उतरवायचे, नसेल तर त्याच्याभोवतीच गज उभे करायचे आणि सिमेंट-काँक्रीटचा मनोरा ओतायचा. त्यावर साच्यातून काढलेले देव, सिंह, मोर. त्यांना पिवळा, गुलाबी, मोरपंखी रंग. कलशारोहणाला मान्यवर येतात, महाप्रसाद होतो, कीर्तन होते. उतरवलेले दगड लिंबाखाली पडतात. पुढे त्यातला एक धुण्याचा दगड होतो, दुसरा पायरी होतो, कोरलेली पट्टी कुणाच्या ओट्याला लागते. आमलकाचे खापासारखे कंगोरे असलेले दगड आम्ही गुरांच्या दावणीला टेकू म्हणून लावलेले पाहिले आहेत.

आमचे म्हणणे थोडक्यात असे : याला जतन म्हणत नाहीत. अर्धे शिखर हे अर्धे असूनही साधन असते. पुरे केलेले खोटे शिखर हे त्या साधनाचा शेवट असतो. आणि हा शेवट शत्रूने केलेला नाही, भक्ताने वर्गणी काढून केलेला आहे.

गुलमंडीवर बसून खेड्यातल्या लोकांना शिकवणे सोपे आहे, असे आम्हाला लगेच सुनावले जाईल. सुनावले गेलेही आहे. काही वर्षांपूर्वी जवळच्याच एका गावची मंडळी पावतीपुस्तक घेऊन आमच्याकडे आली होती. गावाचे नाव सांगण्याचे कारण नाही, तशी गावे शेकड्यांनी आहेत. पावतीवर दोन चित्रे छापलेली : डावीकडे काळ्या दगडाचे, शिखराचा वरचा भाग हरवलेले देऊळ, आणि उजवीकडे संगणकावर काढलेले नवे. उजवीकडच्या चित्रात खाली उत्तरेची घडण होती, वर दक्षिणेचे गोपुर होते आणि मध्ये काय होते ते देवालाच ठाऊक. जुन्याचे काय करणार, असे आम्ही विचारले. त्यांतले एक वयस्क गृहस्थ शांतपणे म्हणाले, "सर, पिंडीवर पाणी गळतंय. पावसाळ्यात पुजाऱ्याला पत्रा धरून उभं राहावं लागतं. तुम्ही सांगा, आम्ही काय करावं?"

हा प्रश्न टाळून या विषयावर लिहिणारे लोक आम्हाला मान्य नाहीत. गळती खरी आहे. इंग्रजी दैनिकांत 'वारसा' या विषयावर रविवारी लिहिणारांना खेडवळ माणसाच्या अभिरुचीची कीव येते, पण गळक्या गाभाऱ्यात रोज दिवा लावणारा तो असतो, लेख लिहिणारा नसतो. आणि सरकारी संरक्षित स्मारक असले तरी त्याची अडचण सुटते असे नाही. निळा फलक लागतो, तारेचे कुंपण पडते, १९५८ च्या कायद्याची कलमे फलकावर छापली जातात; २०१० च्या दुरुस्तीनंतर केंद्राच्या यादीतल्या स्मारकापासून शंभर मीटरपर्यंत नवे बांधकाम बंद आणि त्यापुढे आणखी दोनशे मीटरपर्यंत परवानगीने. शंभर मीटरवरचे घर बांधता येत नाही हे गावाला कळते. शिखरावर उगवलेले पिंपळाचे रोप कोणी उपटायचे हे मात्र कोणालाच कळत नाही. रोपाचे झाड होते, मूळ सांध्यात शिरते, दगड सरकतो. फाईल मात्र जागची हलत नाही. आणि मराठवाड्यातली बहुसंख्य जुनी देवळे तर केंद्राच्या यादीत नाहीत आणि राज्याच्याही नाहीत. त्यांना कुंपणही नाही आणि कायदाही नाही. त्यांचे भवितव्य पावतीपुस्तकावर ठरते.

म्हणून प्रश्न सरळ विचारला पाहिजे. गळती थांबवायला शिखर नवे लागते काय? लागत नाही. या देवळांचे दगड चुन्याशिवाय, एकमेकांवर घासून बसवलेले असतात. छतावर विटांचा चुरा आणि चुना यांचा थर असतो, ज्याला आपले गवंडी कोबा म्हणतात. शतकानुशतके साचलेली माती, तीत उगवलेली झाडे आणि तुंबलेली पन्हाळी यांनी हा कोबा फुटतो आणि पाणी खाली येते. माती काढणे, मुळे मारणे, पन्हाळी मोकळी करणे, घाणीत मळलेल्या चुन्याचा कोबा पुन्हा घालणे, हे काम त्या पावतीवरच्या मनोऱ्याच्या मानाने अगदी थोड्या खर्चात होते. त्यात कलशारोहणाचा सोहळा होत नाही, एवढाच त्याचा दोष. कोब्याचे उद्घाटन करायला कोणी येत नाही.

सिमेंटने मात्र गळती थांबते असे वाटते आणि दुसरे दुखणे सुरू होते. चुना श्वास घेतो. भिंतीत शिरलेली ओल त्यातून बाहेर पडते. सिमेंट चुन्याहून ताठर आणि बंद. ओल आत कोंडते, तिच्याबरोबर क्षार येतात, ते पृष्ठभागाखाली साचतात आणि कोरीव कामाचे पापुद्रे सुटू लागतात. आतला लोखंडी गज गंजला की फुगतो आणि भोवतालचे फोडतो. शिवाय हजार वर्षे ज्या भिंतीने एक भार पेलला तिच्यावर दुप्पट भार येतो, तो वेगळाच. ज्या गिलाव्याने देऊळ 'पक्के' झाले असे सांगितले जाते त्याच्या मागे ते हळूहळू पीठ होत असते. ऑइलपेंटचेही तेच.

येथे एक चतुर आक्षेप येतो आणि तो खरा आहे म्हणून त्याला उत्तर दिले पाहिजे. जुनी देवळे तरी कुठे काळी होती? कैलासावर पांढऱ्या गिलाव्याचे आणि रंगाचे अवशेष आजही दिसतात; परिसरात त्याला रंगमहाल म्हणत असत. मग आमच्या रंगाला नाक का मुरडता? उत्तर असे की, तो चुन्याचा पातळ लेप होता आणि त्यावर मातीचे, खनिजांचे रंग होते. दगडाला गुदमरवणारे तेलाचे कातडे नव्हते. दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे. तो रंग कुठे होता, कोणता होता, हे आपल्याला त्या उरलेल्या कपच्यांवरूनच कळते. ऑइलपेंटचा पहिला हात बसतो तो नेमका त्या कपच्यांवर. ज्यांना प्राचीन रंगाची एवढी आस्था आहे त्यांनी निदान त्याचा पुरावा तरी रंगवून टाकू नये.

दुसरा आक्षेप शास्त्राचा. जीर्णोद्धार हे पुण्यकर्म आहे, 'मयमता'सारख्या शिल्पग्रंथांत त्याचा स्वतंत्र विचार आहे, जिवंत देवाचे घर मोडके ठेवता येत नाही. भग्न तेच सुंदर म्हणणे ही परक्यांची आवड. या आक्षेपातले शेवटचे वाक्य सोडून बाकी सर्व आम्हाला मान्य आहे. आम्ही देवळांना वस्तुसंग्रहालये करा असे म्हणत नाही. पण परंपरेने जीर्णोद्धार केला कसा ते जरा पाहू या. वेरूळला घृष्णेश्वराचे देऊळ मालोजीराजे भोसल्यांनी सावरले, अठराव्या शतकात होळकर घराण्यातल्या स्त्रियांनी ते पुन्हा उभे केले. त्या शिखराचा खालचा भाग तांबूस दगडाचा आणि वरचा विटा-चुन्याचा आहे. पाहणाराला हा फरक उघड दिसतो. औंढ्याला तर तो याहून ठळक आहे. खाली यादवकाळातल्या काळ्या दगडाचे, हत्तींच्या थरापासून वर चढत जाणारे कोरीव काम, आणि वर नंतरच्या काळातले विटा-चुन्याचे पांढरे शिखर. रसिकांना ही जोडणी विशोभित वाटते. आम्हाला ती प्रामाणिक वाटते. ज्यांनी वरचे बांधले त्यांनी खालच्याची नक्कल केली नाही, खालचे झाकले नाही, आणि आपण नंतर आलो हे लपवले नाही. जुने कुठे संपते आणि नवे कुठे सुरू होते ते सामान्य यात्रेकरूलाही बोट ठेवून दाखवता येते. आजच्या जीर्णोद्धाराने अहिल्याबाईंचे नाव फ्लेक्सवर घ्यावे आणि काम मात्र याच्या नेमके उलट करावे, हा आपल्या काळाचा खास विनोद आहे.

'हेमाडपंती' या शब्दाबद्दलही एकदा बोलले पाहिजे, कारण या गोंधळात त्याचा वाटा आहे. हेमाद्री पंडित हा महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा मंत्री. काळ तेराव्या शतकाचा उत्तरार्ध. अंबरनाथच्या शिवालयातला शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इ.स. १०६० चा. हेमाद्रीच्या आजोबांचे आजोबाही तेव्हा जन्मलेले नसावेत. तरीही अंबरनाथ हेमाडपंती, सिन्नरचा गोंदेश्वर हेमाडपंती, भोकरदन तालुक्यातले अन्व्याचे देऊळ हेमाडपंती. काळा दगड दिसला की शब्द तयार. ज्याला एकच नाव आहे त्याचा एकच तोंडवळा असतो असे वाटू लागते, आणि मग शिखर बांधून देणाऱ्यांच्या पुस्तिकेतले कोणतेही शिखर कुठल्याही देवळावर बसते. वास्तविक अंबरनाथ आणि गोंदेश्वर यांचे शिखर भूमिज घडणीचे आहे : चारी बाजूंनी तळापासून माथ्यापर्यंत चढत जाणाऱ्या लता, आणि मधल्या जागेत एकावर एक लहान होत जाणाऱ्या शिखरांच्या प्रतिकृतींच्या ओळी. सिन्नरला ही रचना जवळजवळ पूर्ण पाहायला मिळते. अंबरनाथला माथा गेला आहे, पण जे उरले आहे त्यावरून गेलेल्याचा हिशेब मांडता येतो. हेन्री कझन्सने दख्खनच्या मध्ययुगीन देवळांवर १९३१ मध्ये ग्रंथ काढला आणि पुढे डॉ. गो. बं. देगलूरकरांसारख्या अभ्यासकांनी आयुष्य या देवळांवर घातले, ते या उरलेल्या दगडांच्या बळावर. सिमेंटच्या मोरावर कोण काय संशोधन करणार?

आता जरा लांब जायचे आहे, कंबोडियापर्यंत. कारण दोन. एक, अंबरनाथ-सिन्नरच्या आगेमागे तिकडेही दगडी शिखरे उभी राहत होती, तीही चुन्याशिवाय घासून बसवलेल्या शिळांची, तीही मेरूची कल्पना मनात धरून. ख्मेर भाषेत देवळाला 'प्रासात' म्हणतात, तो आपलाच प्रासाद. दुसरे कारण असे की, ढासळलेल्या शिखराचे काय करावे या प्रश्नावर विसाव्या शतकात अंगकोरच्या परिसराइतकी घासाघीस क्वचितच कुठे झाली असेल, आणि त्यात आपल्या देशाचाही हात, बराही आणि वाईटही, लागलेला आहे.

तिथले बाकोंग हे देऊळ पाहा. इंद्रवर्मा पहिला याने ८८१ मध्ये प्रतिष्ठा केलेला पाच पायऱ्यांचा दगडी मेरू. त्याच्या माथ्यावरचे शिखर मात्र मूळचे नाही. ते बाराव्या शतकातले, अंगकोर वाटच्या घडणीचे. म्हणजे तिकडचा औंढा नागनाथच. हे शिखर कोसळले होते. मोरिस ग्लेझ या फ्रेंच अधिकाऱ्याने १९३६ ते १९४३ या काळात ते पुन्हा उभे केले, ते ढिगाऱ्यातले दगड एकेक ओळखून, त्यांची जागा शोधून, आधी जमिनीवर जुळवून पाहून. ही पद्धत फ्रेंचांनी डचांकडून, जावा बेटावरच्या कामावरून उचलली होती; आंरी मार्शालने ती १९३१ पासून बान्ते स्रेईच्या लहानशा देवळावर प्रथम वापरली. ग्लेझने ८८१ चे 'मूळ' शिखर कल्पनेने काढून बसवले नाही, बाराव्या शतकाचे नंतरचे म्हणून ते टाकूनही दिले नाही. जे पडले होते तेच उभे केले. आमच्या लिंबाखाली पडलेल्या दगडांकडे या नजरेने कोणी पाहिले आहे काय?

पण याच भूमीत दुसरी गोष्ट घडली आणि तिचा धडा अधिक कडू आहे. अकराव्या शतकातले बाफूओन हे प्रचंड देऊळ आतल्या मातीच्या भरावाने फुटत होते. ते सावरायचे तर शिळा उतरवूनच, असे ठरले आणि १९६० पासून काम सुरू झाले. सुमारे तीन लाख दगड क्रमांक घालून भोवतालच्या जंगलात मांडले गेले. मग यादवी आली, काम थांबले, आणि १९७५ मध्ये ख्मेर रूज राजधानीत शिरल्यावर त्या क्रमांकांच्या वह्या नष्ट झाल्या. दगड जागेवर होते, वह्या नव्हत्या. १९९५ मध्ये काम पुन्हा सुरू झाले तेव्हा हाती तीन लाख तुकड्यांचे कोडे होते. ते सुटायला २०११ उजाडले. दगड वाचूनही देऊळ हरवू शकते, आणि ते वहीबरोबर हरवते, एवढे त्यातून आपण शिकलो तरी पुष्कळ.

आणि आपण? भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे पथक १९८६ ते १९९३ या काळात अंगकोर वाटला काम करत होते. ज्या काळात तिथे कोणी पाऊल टाकायला धजत नव्हते त्या काळात आपली माणसे गेली, याचे श्रेय द्यायलाच हवे. पण त्यांनी दगड रसायनांनी धुतला, घासला, आणि कोरीव पृष्ठभागाची हानी झाली अशी टीका जगभरातून झाली. नंतर ता प्रोह्मला, जिथे झाडांच्या मुळांनी देवळे कवटाळली आहेत, भारतीय पथक पुष्कळ सावधपणे वागले. म्हणजे शिकता येते. घासूनपुसून लख्ख करण्याची हौस ही काही खेड्यातल्या विश्वस्तांची मक्तेदारी नव्हे, तज्ज्ञांनाही ती होते. त्यासाठी कंबोडियालाही जायला नको. १९२० ते १९२२ या काळात निजामाच्या पुरातत्त्व खात्याने, गुलाम याझदानी त्याचे प्रमुख असताना, इटलीहून चेकोनी आणि ओर्सिनी या दोघा तज्ज्ञांना अजिंठ्याची चित्रे वाचवायला आणले. सुटलेले पोपडे त्यांनी बसवले, तो मोठाच उपकार. पण वर लाखेचे वार्निश चढवले. ते पुढे पिवळे पडले, काळवंडले आणि ते सोडवण्यात पुढच्या पिढ्यांची वर्षे गेली. हेतू शुद्ध होता, विद्या त्या काळातली उत्तम होती. तरीही परत फिरवता न येणारी गोष्ट केली गेली. मग ज्यांच्याकडे विद्या नाही, नकाशा नाही, फक्त वर्गणी आहे आणि तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीच्या आत काम उरकायचे आहे, त्यांच्या हाती शिखर द्यावे काय?

हे सारे निराशेने लिहीत नाही. पंढरपूरला २०२४ मध्ये उलट दिशेने काम झालेले आपण पाहिले. मार्चपासून जूनच्या आरंभापर्यंत विठ्ठलाचे पदस्पर्शदर्शन बंद ठेवून गाभाऱ्यातल्या आणि मंडपातल्या नंतरच्या फरशा, ग्रॅनाइट, रंग काढले गेले आणि आतला जुना दगड वर आला. वारकऱ्यांनी ते मनापासून स्वीकारले. मे महिन्याच्या अखेरीस त्याच कामात हनुमान दरवाज्याजवळ एक तळघर आणि त्यात मूर्ती सापडल्या. फरशीच्या खाली काय असते याचा याहून बोलका दाखला नको. महाराष्ट्राच्या सर्वांत गजबजलेल्या, सर्वांत जिवंत देवळात हे होऊ शकले, तेव्हा 'लोकांना चकचकीतच आवडते' हे ठेकेदारांचे म्हणणे लोकांच्या नावावर खपवलेले आहे, एवढे सिद्ध झाले.

पुढच्याच वर्षी, २०२५ मध्ये, तुळजापूरला भवानीच्या गाभाऱ्यातल्या शिळांना तडे गेल्याचे उघड झाले आणि शिखर उतरवावे लागेल की न उतरवता बळकटी देता येईल यावर वाद पेटला. मोर्चे निघाले, आरोप झाले, राजकारण झाले. त्या वादात कोणाचे बरोबर होते यात आम्ही येथे शिरत नाही. तो अभियांत्रिकीचा निर्णय आहे आणि तडा घोषणेने सांधला जात नाही. आम्हाला खटकले ते दुसरेच. एवढ्या कोलाहलात जे आमच्या कानी आले त्यात 'पाडणार' आणि 'पाडू देणार नाही' हे दोनच शब्द होते. शिखराचा प्रत्येक थर मोजून काढलेला आहे काय, त्याची चित्रे कुठे आहेत, ती भाविकांना पाहता येतील काय, उतरवलाच तर कोणता दगड कोणत्या क्रमांकाने परत चढणार, हे विचारणारा आवाज फार क्षीण होता. बाफूओनचा प्रश्न हाच होता. आई भवानीच्या शिखराबद्दल तो विचारण्यात भक्ती कमी पडते असे कोणाला वाटत असेल तर त्याने भक्तीची व्याख्या तपासावी.

आणि मराठी भाषेच्या अध्यापकांनी या भानगडीत का पडावे? हा प्रश्न आम्हाला स्टाफरूममध्ये हसत हसत विचारला जातो. उत्तर आमच्या अभ्यासक्रमातच आहे. चौदाव्या शतकातल्या मुनी व्यासांची 'स्थानपोथी' आम्ही महानुभाव वाङ्मयात शिकवतो. शिकवतो म्हणजे बहुधा ग्रंथाचे नाव, कर्त्याचे नाव आणि दोन गुणांची टीप. ही पोथी आहे काय? चक्रधर जिथे जिथे राहिले, बसले, निजले त्या जागांची नोंदवही आहे. कोणते देऊळ कोणत्या दिशेला, त्याचे दार कुठे, त्याच्या कोणत्या अंगाला कोणता मठ आणि वृक्ष. पैठण, वेरूळ, आपल्या पायाखालचा सगळा गोदावरीकाठ तीत आहे. स्मरण पुसट होऊ लागले, माणसे पांगली, सत्ता बदलली, तेव्हा त्या पंथाने देवळे बांधायला घेतली नाहीत. जागा लिहून ठेवल्या. आज त्यातली किती देवळे उभी आहेत हा भाग निराळा, पण कुठे होती ते आपल्याला मराठीत लिहिलेले सापडते. वास्तूच्या नोंदीचा असा वारसा ज्या भाषेत आहे तिच्या अध्यापकांनी दिशा आणि दार लिहून ठेवण्याचे काम परके समजावे, याला आम्ही आळस म्हणतो. त्याला 'विशेषज्ञता' हे भारदस्त नाव देऊ नये.

दर वर्षी हिवाळ्यात प्रत्येक महाविद्यालयाचे राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे शिबिर खेड्यात भरते. मुले झाडू मारतात, शोषखड्डा खणतात, रात्री पथनाट्य करतात, पाहुणे व्याख्यान देतात. यांतला एक दिवस तरी लिंबाखालच्या दगडांना द्यावा अशी आमची मागणी आहे आणि ती आम्ही विद्यापीठाच्या अभ्यासमंडळापुढेही मांडू. फीत, वही, खडू आणि मोबाइलचा कॅमेरा एवढेच साहित्य लागते. दगड हलवायचा नाही, धुवायचा नाही, त्याला शेंदूर लावायचा नाही. लांबी, रुंदी, जाडी, कोणत्या बाजूवर नक्षी, कुठे पडला आहे, कोणाच्या ओट्यात बसला आहे. घराघरांतून विचारून. गावातली म्हातारी माणसे सांगतात, शिखर आजोबांच्या लहानपणी कुठपर्यंत होते, वीज कधी पडली. तेही लिहायचे, माहिती सांगणाराच्या शब्दांत. एक प्रत शाळेत, एक ग्रामपंचायतीत, एक महाविद्यालयाच्या ग्रंथालयात. तिन्ही ठिकाणी, कारण वही एकाच जागी असली म्हणजे काय होते ते वर सांगितलेच आहे.

आणि जोवर अशी वही झालेली नाही तोवर कोणत्याही जुन्या देवळाच्या शिखराला आमदार निधीतला, देवस्थानचा किंवा वर्गणीतला एक रुपयाही लागू नये, परांचीचा एक बांबूही उभा राहू नये. १९६० च्या राज्याच्या कायद्याखाली जी देवळे संरक्षित नाहीत त्यांच्याबाबतही जिल्हाधिकाऱ्यांना नोंद मागता येण्यात कोणती अडचण आहे? गळती थांबवायला हरकत नाही. कोबा घाला, पिंपळ काढा, पन्हाळी मोकळी करा, उद्याच करा. पावतीपुस्तक घेऊन आलेल्या त्या गावाला आम्ही वर्गणी दिली ती कोब्यासाठी, आणि पावतीवर तसे लिहून घेतले. लिहून देताना त्या वयस्क गृहस्थांनी विचारले की मग शिखराचे काय सांगू गावाला. आम्ही म्हटले, मापे घ्यायला पोरे पाठवतो, जेवायची सोय तेवढी करा. ते म्हणाले, "पोरं किती ते सांगा. भाकरी किती टाकायच्या ते ठरवावं लागंल."